कासवाच्या इंजिनाला गेलेली चीर

तीन राजांचा सण झाला की वसईजवळच्या वटारमध्ये लग्नांची घाई उडते. राखेच्या बुधवारापासून उपवासकाळ लागतो आणि मग चर्चमध्ये लग्न लागत नाही. ज्यांना मुली उजवायच्या त्यांना मधले मोजके आठवडेच सापडतात. त्या आठवड्यांत केळीच्या वाड्यांतून मांडवाचे बांबू जातात, बँडवाले डोक्यावर बसतात, आणि ऑगस्टीनचं कासव धुऊनपुसून रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात उभं राहतं.

कासव म्हणजे मोटार. दुधी रंगाची, पाठ फुगलेली जुनी फोक्सवॅगन, इंजिन मागे आणि डिकी पुढे. ऑगस्टीनचा बाप पास्कू मुंबईत एका जर्मन साहेबाचा ड्रायव्हर होता. साहेब मायदेशी परतताना गाडी त्याला देऊन गेला. पास्कूने मरणाच्या आदल्या आठवड्यात दोन्ही मुलांना खाटेजवळ बोलावलं आणि म्हणाला, "बेसिलला हात आहेत, त्याला माझी हत्यारं. ऑगस्टीनला तोंड आहे, त्याला गाडी." जमलेले सगळे हसले. बेसिलही हसला, पण त्या वाटणीचा घास त्याच्या घशाखाली कधी उतरला नाही.

बेसिल थोरला. वाडीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये तो पाण्याची इंजिनं, पंप, रिक्षा, जे येईल ते दुरुस्त करायचा. कासवाचं दुखणंखुपणंही त्याच्याच गळ्यात. व्हॉल्व त्याने जुळवायचे, ऑइल त्याने बदलायचं, नखांतलं काळं त्याने घासलेटने काढायचं. आणि लग्नाच्या सकाळी ऑगस्टीन कोट चढवून चाकावर बसणार. नवरीची आई त्याच्या कोटाला फूल टोचणार, जेवणाला त्याला फादरच्या शेजारी बसवणार. 'ऑगस्टीनची गाडी बघा, इतकी वर्षं झाली पण एक दिवस अडली नाही,' असं कुणी म्हणालं की बेसिलच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. न अडायला गाडीचं काय पुण्य होतं, आणि ऑगस्टीनचं तरी काय?

त्या साली लग्न बेसिलच्याच घरात होतं. त्याची मुलगी रोवेना नायगावच्या मर्विनला दिली होती. मांडवाची मेढ रोवायची होती, आमंत्रणं अर्धी वाटून झाली होती, आणि कासवाच्या एका बाजूच्या, सिलिंडरवरच्या हेडमधून फुसफुस आवाज येत होता. म्हणून इंजिन खाली उतरवून बेसिलने ते शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं होतं. ऑगस्टीन दारात स्टुलावर बसून चहा पीत होता.

"ऑगस्टीन," बेसिल मान वर न करता म्हणाला, "रोवेनाच्या लग्नाला गाडी मी चालवतो."

"तू?" ऑगस्टीनने कप खाली ठेवला. "अरे दादा, नवरीचा बाप कधी गाडी हाकतो काय? बाप मागं बसतो, पोरीच्या बाजूला."

"माझ्या पोरीला मी नेलं तर कुणाच्या पोटात दुखेल?"

"लोक म्हणतील भावाभावांत वाजलं. आणि खरं सांगू? कासवाला माझा हात ठाऊक आहे. तुझ्या हातात पानाच शोभतो." असं म्हणून तो हसला, कपातला उरलेला चहा केळीच्या बुंध्यात ओतला आणि निघून गेला.

त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. वाईट नसलेलं बोलणंच बेसिलला जास्त झोंबायचं, कारण त्यावर भांडता येत नाही.

तो परत नटांकडे वळला. या इंजिनाच्या बाबतीत पास्कूचा एक दंडक होता: हेडचे नट आखूड पान्याने, नुसत्या मनगटाच्या जोराने आवळायचे. याची बॉडी बिडाची नाही, हलक्या धातूची आहे. पान्याला पाईप लावला की धातू रडतो. बेसिलने हे लहानपणापासून ऐकलं होतं. पण कानात 'पानाच शोभतो' घुमत होतं. कोपऱ्यात पंपाच्या पाईपचा हातभर तुकडा पडला होता. तो उचलून त्याने पान्याच्या दांड्यावर चढवला आणि अंगाचा भार टाकला. नट फिरला. अजून थोडा फिरला. मग 'टक्' असा आवाज झाला आणि पाना लोण्यात शिरावा तसा सैल फिरायला लागला.

बेसिलने हेड काढलं, सिलिंडर ओढून काढला. लांब बोल्ट बॉडीतल्या ज्या भोकात आट्यांवर बसतो, तिथले आटे उखडून बोल्टाबरोबर बाहेर आले होते. पण दुखणं तेवढंच नव्हतं. भोकाच्या तोंडापासून एक चीर निघाली होती. आधी नख अडकेल एवढी, मग केसाएवढी, आणि शेवटी खालच्या कडेला वळून ऑइलच्या वाटेकडे गेलेली.

बापाची गाडी त्याने आपल्या हाताने फोडली होती. ऑगस्टीन काय म्हणेल, गाव काय म्हणेल, हे त्याला आत्ताच ऐकू येत होतं. त्याने गोल तोंडाची लहान हातोडी घेतली आणि चिरेचं ते बारीक शेपूट हळूहळू ठोकून बुजवलं. वरून पॉलिश पेपर मारला. आता चीर पेरभरच दिसत होती. एवढी कुणाच्याही जुन्या गाडीला जाते.

"धातू म्हातारा झाला," संध्याकाळी त्याने ऑगस्टीनला सांगितलं. "आटे गेले, आणि जराशी चीर आहे. मी करतो काहीतरी."

ऑगस्टीनचा चेहरा पडला. तो इंजिनाजवळ उकिडवा बसून राहिला. तेवढ्यात बेसिलची बायको थेरेसा दाराशी येऊन उभी राहिली. ती वसईच्या बाजारात वाडीची भाजी विकायला बसायची, तिला सगळं ठाऊक असायचं. ती म्हणाली, "पाचूबंदरचा हरेश्वर आहे ना. होड्यांची फुटलेली इंजिनं तो जोडतो. मासळीवाल्या बाया त्याचं नाव घेतात."

"मी करतो म्हटलं ना," बेसिल म्हणाला.

"तुम्हीच केलंत ना आजवर?" थेरेसा सहज म्हणाली, आणि ऑगस्टीन लगेच उठून हरेश्वरला आणायला निघाला.

हरेश्वर दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या लूनावरून आला. काळासावळा, रुंद हाडाचा, बेसिलच्याच वयाचा माणूस. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात बांधलेले ताजे बोंबील. बोंबील त्याने थेरेसाच्या हाती दिले. "वैनी, रिकाम्या हाती कसं यायचं?" थेरेसाचा चेहरा उजळला. बेसिलने ते पाहिलं आणि पहिल्या घटकेलाच त्या माणसाबद्दल त्याच्या मनात अढी बसली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आपण हिच्यासाठी बाजारातून कधी काय आणलं, हे त्याला आठवेना. त्याचा राग त्याने हरेश्वरवर काढला.

"गॅस वेल्डिंगने भरणार काय?" बेसिलने विचारलं.

हरेश्वरने भोकातून धातूचा चिमूटभर कीस खरवडला, अंगणात दगडावर ठेवला आणि काडी लावली. कीस पांढराफेक भडकला. मांडवाचे बांबू सोलणारी माणसं बघायला धावली.

"याला आग दाखवायची नाय," हरेश्वर म्हणाला. "शेडसकट जाऊ. थंडंच शिवायला पायजे. पन आदी याच्या अंगातलं तेल काडू. वैनी, मोटा टोप हाय? धुन्याचा सोडा टाकून उकळवाया लागंल."

बेसिल मनात हसला. लग्नाच्या मटणाचा टोप थेरेसाने कालच कल्हई करून आणला होता. बेसिल तिच्याकडे कधी साधी बादली मागायला गेला तर ती ऑइलचा डाग दाखवून दारातून परतवायची. पण थेरेसा आत गेली आणि तोच टोप दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. "नंतर घासून घेईन," ती म्हणाली. बेसिल बघतच राहिला. अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर, मटणाच्या टोपात त्याच्या बापाच्या इंजिनाची बॉडी दुपारपर्यंत उकळत होती, आणि त्याची बायको तिच्याखाली सुकी झावळं सारत होती.

बॉडी निवल्यावर हरेश्वरने चिरेवर घासलेट चोळलं, पुसून कोरडं केलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटली. भोकापासून निघून पेरभर गेली आणि थांबली. जिथे बेसिलची हातोडी पडली होती, तिथे पूड कोरडीच राहिली.

"जिथं चीर संपते तिथं बारीक भोक मारायचं," हरेश्वर ऑगस्टीनला समजावत होता. "म्हंजी ती फुडं पळत नाय. टोक चुकलं तर सगळं फुकट. गरम झाली की परत चालू लागंल." मग तो बेसिलकडे वळला. "बेसिलभाव, तुमी खोलली. तुमी बगितली व्हती. हितंच संपते ना?"

चर्चच्या फाटकात अडून उभं राहिलेलं कासव बेसिलच्या डोळ्यांसमोर आलं. खाली ऑइलचं थारोळं, कोटातला ऑगस्टीन मागचं झाकण उघडून घाम पुसतो आहे, आणि पाचूबंदरच्या या कारागिराचं नाव घेणाऱ्या बाया गप्प झाल्या आहेत. ते चित्र त्याला गोड लागलं. लगेच त्याला आठवलं की त्या दिवशी त्या गाडीत रोवेना असेल. पण गाडी बंद पडते म्हणजे काय होतं? फार तर चार पावलं चालत जाईल. आपलेच लोक असतील आजूबाजूला.

"हो," तो म्हणाला. "तिथंच."

हरेश्वर क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला आणि ड्रिल शोधायला लागला. बेसिलला तिथे उभं राहवेना. केळींना पाणी द्यायचं आहे असं पुटपुटत तो वाडीत गेला. पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवत तो चिखलात उभा राहिला. शेडमधून ड्रिलची घरघर आणि मध्येच ऑगस्टीनचं हसणं ऐकू येत होतं. माझ्या शेडमध्ये, माझ्या बाकावर, माझ्या बायकोच्या हातचं जेवून. तो तेच तेच मनात घोळवत राहिला. दोन आळी तुंबून वाहिली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

परतला तेव्हा चिरेवर एकाला एक चिकटून बारीक आट्यांच्या खिळ्या बसल्या होत्या आणि वरून कानशीने सारं सपाट केलं होतं. कुठलं भोक कुठे मारलं ते आता दिसत नव्हतं.

मोठ्या भोकात पोलादी बुश बसवायचं काम राहिलं होतं. बुश हरेश्वर पाचूबंदरला लेथवर करून घेऊन आला. बाहेरून जाड आटे, आतून बोल्टाचे आटे. पण बॉडीत जाड आटे पाडायला त्याच्याकडे त्या मापाचा टॅप नव्हता.

"दादाकडे आहेत की. बाबांचे," ऑगस्टीन म्हणाला.

बेसिलने लाकडी पेटी काढून दिली. मखमलीचं अस्तर विरलं होतं, पण एकेक टॅप तेल लावून जागच्या जागी. हरेश्वरने एक उचलून उजेडात धरला. "झकास ठेवलीत हत्यारं, भाव. असं कोन ठेवतं आजकाल?"

बेसिलला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं. आणि ते याच माणसाने म्हणावं, आणि आपल्याला त्याचं बरं वाटावं, याचा त्याला जास्तच संताप आला.

"धरा जरा घट्ट," हरेश्वर म्हणाला. बेसिल बॉडी पोटाशी धरून उकिडवा बसला. आपल्याच शेडमध्ये तो हेल्पर झाला होता. हरेश्वर टॅप अर्धा फेरा पुढे घ्यायचा, पाव फेरा मागे, कीस झटकायचा, घासलेटचा थेंब सोडायचा. घाई नाही, जोर नाही. टॅपच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर बेसिलच्या मांड्यांना कंप जाणवत होता. बापाच्या टॅपने, बापाच्या इंजिनात, परका माणूस आटे पाडत होता आणि ते चांगले पडत होते. चांगल्या कामाचा आवाज बेसिलला कळत होता. तोच त्याला सहन होत नव्हता.

जोडणी झाली. नट आवळायची वेळ आली तेव्हा हरेश्वरने आखूड पाना बेसिलच्या हातात दिला आणि बाजूला सरकला. "तुमी आवळा. घरची गाडी."

बेसिलने पाना घेतला. हरेश्वर खाली बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. कशाची तरी वाट बघावी तसा. बेसिलने मनगटाने एकेक नट आवळला. बुशातला बोल्ट घट्ट बसला. त्याने पाना पुसून परत केला.

कासव पहिल्या सेल्फला सुरू झालं. ऑगस्टीनने हरेश्वरला मिठी मारली, "लग्नाला यायचं, वहिनींना घेऊन यायचं, पुढच्या बाकावर बसायचं," असं तीनतीनदा बजावलं. थेरेसाने कपाटातल्या काचेच्या कपात चहा आणला. ते कप फादर घरी आले की निघायचे.

लग्नाआधीच्या दिवसांत बेसिल रोज पहाटे उठून इंजिनाखाली हात घालायचा आणि बोट बघायचा. बोट कोरडं. ते कोरडं निघालं की त्याला हरेश्वरचा राग यायचा. उद्या ओलं निघालं तर, या विचाराने तो पुन्हा एकदा हात घालून बघायचा. सांगून टाकावं असं रोज वाटे, आणि रोज दुपारपर्यंत कुणीतरी ऑगस्टीनचं किंवा हरेश्वरचं कौतुक करी, की सांगणं राहून जाई. रोवेना अंधेरीला विम्याच्या ऑफिसात जायची. ती सुट्टी घेऊन घरी राहिली होती. एकदा ती शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"पप्पा, जरा बोलायचं होतं."

"नंतर बाय. हे बघू दे."

"तुम्ही गाडीखालीच असता," ती म्हणाली आणि मेंदी भिजवायला बोलावलं तशी आत गेली.

लग्नाच्या सकाळी उन्हं कोवळी होती. बँड पुढे वाजत गेला. ऑगस्टीन कोट घालून चाकावर बसला, त्याच्या शेजारी कुणी नाही. मागच्या सीटवर बेसिल आणि रोवेना. तिचा पांढरा झगा अर्ध्या सीटवर पसरला होता, डोक्यावरचा जाळीचा वेल तिने गोळा करून मांडीवर धरला होता. इंजिन त्यांच्या पाठीमागेच होतं. सीटच्या पाठीतून त्याची थरथर बेसिलच्या कण्यात येत होती.

वाडीच्या वळणांवर गाडी हळू होती. सपाट रस्ता लागला तशी ऑगस्टीनने ती दामटली. लोक बघत होते ना!

"हळू!" बेसिल ओरडला.

"अरे घाबरतोस काय? हरेश्वरचं काम आहे!" ऑगस्टीन आरशातून हसला.

बेसिलने मान किंचित मागे टेकवली आणि कान लावले. चारही सिलिंडर नीट बोलत होते. पण मध्येच एक बारीक टिकटिक आली. टॅपेट असेल. की चीर? इंजिन तापायला लागलं होतं. हरेश्वर म्हणाला होता, गरम झाली की परत चालू लागेल. ऑइलचा वास येतोय काय? नाही, तो डांबराचा. शेजारी रोवेना काहीतरी बोलत होती. खालच्या आवाजात, त्याच्या कोटाच्या बाहीवर हात ठेवून, थांबून थांबून. बेसिलने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मागे कान दिला. टिकटिक थांबली. पुन्हा आली. रोवेनाचे शब्द इंजिनाच्या आवाजात मिसळत होते. ती थांबली आणि उत्तराची वाट बघू लागली.

"हो, हो," बेसिल म्हणाला.

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिचे डोळे भरले होते. नवऱ्या रडतातच, असं त्याला वाटलं. चर्चचा मनोरा दिसायला लागला तेव्हा घामाने त्याची बनियन पाठीला चिकटली होती.

गाडी फाटकाशी थांबली. बायांनी रोवेनाला उतरवून झगा सारखा करायला घेरलं. बेसिल दुसऱ्या दाराने उतरला, मागे गेला, वाकला आणि कोटाची बाही सावरून इंजिनाखाली हात घातला. बोट बाहेर काढून पाहिलं. कोरडं ठणठणीत.

"टिकली," बाजूने कुणीतरी म्हणालं. इस्त्रीचा शर्ट घातलेला हरेश्वर उभा होता.

बेसिल सरळ झाला.

हरेश्वरने आवाज खाली आणला. "चीर तितं संपत नवती, भाव. ओतीव धातूचं अंग खरखरीत असतं. म्या बोट फिरवलं, तर फुडं एका जागी गुळगुळीत लागलं. कुनीतरी ठोकून घासलं व्हतं. मंग मी खरं टोक धरून भोक खालती, कडेच्या आत मारलं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुमच्या शेडात, तुमच्या भावासमोर?" हरेश्वर म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "वाटलं, सोता सांगाल. पाना हातात दिला तवा पन थांबलो व्हतो." असं म्हणून त्याने बेसिलच्या खांद्याला हात लावला आणि बायकोला घेऊन आत गेला. पुढच्या बाकावर नाही, मागच्याच एका बाकावर जाऊन बसला.

बेसिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस चारचौघांत आपलं नाक कापू शकला असता आणि त्याने कापलं नाही. हेवा करायला आता त्याचा चांगुलपणाही उरला होता, आणि बेसिलने तोही केला.

"पप्पा, चला," रोवेनाने हाक मारली. ती दाराशी वेल सोडून उभी होती. आत ऑर्गन सुरू झाला होता. बेसिलने घाईघाईने बोट रुमालाला पुसलं आणि तिच्याजवळ गेला. तिने त्याच्या दंडात हात घातला.

"बाय," तो म्हणाला, "गाडीत तू काय म्हणत होतीस?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही हो म्हणालात ना?"

"मला ऐकू आलं नाही. इंजिनाचा आवाज होता."

रोवेनाचा हात त्याच्या दंडात होता, पण मघाचा भार त्यात नव्हता. "मग राहू दे," ती म्हणाली आणि समोर बघायला लागली.

"सांग ना, आत्ता सांग," तो कुजबुजला. पण माणसं उठून उभी राहिली होती, सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या. दोघं चालायला लागली. बाकामागून बाक मागे पडत गेले, आणि पुढे मर्विन हात पुढे करून उभा होता.